आठ कागदांचं पुस्तक

ए४ आकाराचे आठ कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की बत्तीस पानांची वही होते. घडीवर पाच भोकं, एक दोरा, आतल्या बाजूला एक गाठ. एवढं जमलं की स्वतःचं लेखन घरातल्या पाच-सात जणांच्या हातात पुस्तक म्हणून देता येतं. आठवणी, पत्रं, डायरीतली काही पानं, चार कविता, काहीही चालतं.

माझा पहिला प्रयत्न फसला, कारण मी वीस वर्षांचं सगळं लेखन एकाच पुस्तकात कोंबायला निघाले होते. दोन वर्षं ते ‘जवळजवळ झालंच आहे’ या अवस्थेत संगणकात पडून राहिलं. मग वैतागून एकदा ठरवलं की आठच कागद, नववा नाही. दोन रविवारांत पुस्तक झालं. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांना मी आठाचाच आकडा सांगते. याला तांत्रिक कारणही आहे. एकाच घडीत दहा-बारांहून जास्त कागद घातले की पाठ फुगते, आतली पानं बाहेर डोकावतात आणि पुस्तक मिटून राहत नाही. जास्त मजकूर असेल तर दुसरा भाग करा. त्याचे वेगळे आठ कागद.

आधी काटछाट

बत्तीस पानांतलं पहिलं पान नावाचं, दुसरं कोरं, शेवटची तीन इतर गोष्टींसाठी. मजकुराला उरली सत्तावीस. ए५ पानावर, म्हणजे ए४ च्या निम्म्या, डोळ्यांना त्रास होणार नाही अशा अक्षरात साधारण दोनशे शब्द मावतात. म्हणजे हाताशी पाच हजार शब्द आहेत, फोटो घातले तर चार हजार. हा हिशेब आधी झाला की निवड करणं सोपं जातं. जे जे ठेवावंसं वाटतं ते सगळं छापून जमिनीवर पसरा आणि मोठ्यानं वाचा. जिथे आपलाच आवाज रेंगाळतो तो भाग बाहेर काढा. घरच्यांना आपली मतं बहुधा तोंडपाठ असतात. त्यांना हवे असतात प्रसंग: कोण काय म्हणालं, खोलीत कुठे काय ठेवलेलं असायचं, आजोबा चष्मा शोधताना काय पुटपुटायचे.

माणसांची ओळख द्यायला विसरू नका. तुम्ही ‘मोठी मावशी’ लिहिता तेव्हा आज सगळ्यांना कळतं. तुमच्या भाचीची मुलगी पुस्तक उघडेल तेव्हा तिला ती मावशी कोणाची कोण हे कळणार नाही. शेवटच्या एका पानावर ‘या पुस्तकातली माणसं’ असं शीर्षक द्या आणि प्रत्येकाचं पूर्ण नाव, नातं आणि माहीत असेल तर जन्मसाल लिहा. लेखांखाली तारीख घाला. नेमकी आठवत नसेल तर ‘पावसाळा, १९८७ च्या सुमारास’ असं लिहिलं तरी पुष्कळ. जुनी पत्रं घेणार असाल तर त्यातलं शुद्धलेखन सुधारू नका. आजीनं ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा केली नसेल, तर तिच्या पत्रात ती तुम्हीही करू नका.

आता जरा अवघड गोष्ट. घरच्यांविषयी लिहिलेलं घरचेच वाचणार आहेत. ज्यांच्याविषयी लिहिलंय ते हयात असतील तर तेवढा मजकूर छापण्याआधी त्यांना दाखवा. मी एका नातेवाईक बाईंच्या मोडलेल्या लग्नाचा किस्सा गमतीनं लिहिला होता. अकराव्या पानावर होता. पुस्तकं शिवून झाल्यावर त्यांनी वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, “एवढं पान काढून टाकशील का गं?” मी काढलं, आणि तेव्हा कळलं की शिवलेल्या पुस्तकातलं एक पान काढलं की त्याचं जोडपानही सुटं होतं. पान अकरा-बारा कापलं तर एकवीस-बावीस निखळून हातात येतं, कारण तो एकच कागद असतो. तुमच्यावर अशी वेळ आली तर पान घडीपासून एक सेंटीमीटर सोडून कापा, म्हणजे जोडपान शिवणीत अडकून राहतं. मी पहिल्या प्रतीत अगदी घडीलगत कापलं होतं.

डमी करा, कंटाळा करू नका

डमी म्हणजे नमुन्याची वही. आठ कोरे कागद घ्या, एकात एक घालून दुमडा आणि पुस्तक उघडल्यासारखं उघडत प्रत्येक पानावर पेन्सिलीनं १ ते ३२ आकडे घाला. मग कागद सुटे करून पाहा. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला डावीकडे ३२ आणि उजवीकडे १ आहे, पाठीमागे २ आणि ३१. सगळ्यात आतल्या कागदावर १६ आणि १७ शेजारी, त्यामागे १८ आणि १५. कागदाच्या कोणत्याही बाजूवरच्या दोन आकड्यांची बेरीज ३३ येते. छापताना गोंधळ उडाला की ही बेरीज करून बघायची.

मग या डमीवरच, कोणत्या पानावर काय येणार ते पेन्सिलीनं लिहा. नवा लेख शक्यतो उजव्या पानावर सुरू करा, म्हणजे विषम आकड्यावर. फोटो समोरासमोरच्या पानांवर पसरवायचा मोह होतो, पण तो फक्त १६-१७ या मधल्या जोडीवर करा. बाकी ठिकाणी ती दोन पानं वेगवेगळ्या कागदांवर असतात आणि चेहरा मधोमध तुटून वर-खाली होतो.

अक्षरं

हस्ताक्षर चांगलं असेल तर एक प्रत हातानं लिहा आणि बाकीच्या तिच्यावरून छापा. स्कॅन ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) करा, नाहीतर अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. हातानं लिहिताना पिगमेंट शाईचं, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं पेन वापरा. जेल पेनांच्या काही शाया पाण्याचा थेंब पडला की पसरतात.

टाइप करणार असाल तर युनिकोडमध्येच करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की बाराखडीची भेळ होते, आणि दहा वर्षांनी आणखी एक प्रत काढायची म्हटलं तर सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. फॉण्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ टाइप करून बघा. बऱ्याच देवनागरी फॉण्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात. मराठी वळण हवं असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’सारखा फॉण्ट फुकट मिळतो आणि पुस्तकात दिसतोही छान. आकार १३ पॉइंट, घरात वयस्कर वाचक जास्त असतील तर १४. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. आपल्याकडे वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरं असतात. रोमन लिपीच्या अंतराला देवनागरी गुदमरते. दोन्ही कडा सारख्या करायच्या भानगडीत पडू नका. लांब शब्दांमुळे मधे मोठमोठी भगदाडं पडतात. डावी कडा सरळ आणि उजवी मोकळी ठेवा.

समास आत १८ मिलिमीटर, बाहेर १५, वर १५ आणि खाली २०. पानाचा आकडा खाली, बाहेरच्या बाजूला.

कागदाची दिशा

ही गोष्ट मला तिसऱ्या पुस्तकापर्यंत कोणी सांगितली नव्हती. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेला पडलेले असतात. त्या दिशेनं कागद सहज दुमडतो, आडवा दुमडला तर घडी खरबरीत होते, तंतू तुटतात आणि पानं ताठ उभी राहतात. पुस्तकाची पाठ नेहमी या दिशेला समांतर हवी. ओळखायचं कसं? कागद न दुमडता नुसता वाकवून तळहातानं दाबा, आधी लांबीनं, मग रुंदीनं. ज्या बाजूनं कमी विरोध होतो ती त्याची दिशा. खात्री नसेल तर एक चौकोनी तुकडा एका बाजूनं ओला करा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळीसारखा वळतो तो अक्ष म्हणजे तंतूंची दिशा.

पंचाईत अशी की बाजारात मिळणाऱ्या ए४ कागदाची दिशा बहुधा लांबीला असते, आणि आपण तो रुंदीला समांतर दुमडतो. म्हणजे नेमकी उलटी. त्यावर उपाय सोपा आहे. लांबीला दिशा असलेला ए३ कागद घ्या आणि मधोमध कापून दोन ए४ करा. आता दिशा ए४ च्या रुंदीला आली. दुमडला की पाठीला समांतर. ए३ मिळालाच नाही तर साध्या ए४ वर करा, आठ कागदांत फार बिघडत नाही. पण एकदा दोन्ही प्रती शेजारी ठेवून उघडून बघा.

जाडी ९० ते १०० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). ७० चा कागद पातळ पडतो, मागचं अक्षर पुढे दिसतं. पाकिटावर ‘आम्लरहित’ अर्थाची नोंद असेल तो घ्या. वर्तमानपत्राचा कागद वर्षभरात पिवळा पडतो, कारण त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं आणि आम्ल कागदाला आतून ठिसूळ करतं. शुभ्र पांढऱ्यापेक्षा किंचित साईच्या रंगाचा कागद मला आवडतो, पण ती आवड झाली.

छपाई

वर्डसारख्या प्रोग्राममधून थेट छापू नका. आधी ए५ पानांची पीडीएफ करा, तीत फॉण्ट अंतर्भूत झालेत ना ते दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून तपासा, आणि मग छापताना ‘बुकलेट’ हा पर्याय निवडा. पानांची उलटसुलट मांडणी तो आपोआप करतो. एकच गोम लक्षात ठेवायची: दोन्ही बाजूंनी छापताना कागद ‘आखूड कडेवर’ उलटला पाहिजे. लांब कडेवर ठेवलं तर पाठीमागची सगळी पानं डोक्यावर उभी राहतात. माझ्या पहिल्या पाच प्रतींचे चाळीस कागद असे वाया गेलेत. त्यांच्या पाठकोऱ्या वह्याही करता येईनात, कारण पाठ कोरी नव्हतीच. आधी एकच प्रत छापा, डमीशेजारी ठेवून पानन् पान जुळवा, मगच पुढचं.

लेझर प्रिंटरची छपाई पाण्यानं पुसत नाही आणि टिकते. इंकजेटवर छापायचं तर पिगमेंट शाई आहे का ते बघा. प्रती हव्यात त्याहून दोन जास्त छापा. एक शिवताना बिघडते, दुसरीचं पुढे सांगते.

घडी, भोकं, शिवण

कागद एकेक करून दुमडा, आठही एकदम नाही. कोपऱ्याला कोपरा नीट जुळवा, मधून बाहेरच्या दिशेनं बोटानं हलकं दाबा आणि मग स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घडीवरून एकदा ठाम फिरवा. दोनदा-तीनदा घासलं तर कागदाला चमक येते. मग एकात एक घाला. बाहेरून मुखपृष्ठाचा जाड कागद, २०० ते २५० जीएसएमचा, दुमडून चढवा. जाड कागद तसाच दुमडला तर घडीवर तडकतो, म्हणून आधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेननं रेघ ओढा आणि त्या रेघेवर दुमडा. सगळा गठ्ठा उघडून दोन्ही बाजूंना क्लिपा लावा. वर-खाली कडा जुळलेल्या हव्यात, बाजूच्या कडांची चिंता आता नको.

भोकांसाठी २१० मिलिमीटर लांबीची कागदाची पट्टी कापा आणि तिच्यावर १५, ६०, १०५, १५० आणि १९५ मिलिमीटरवर खुणा करा. ही पट्टी उघड्या गठ्ठ्याच्या मधल्या घडीत ठेवून टोच्यानं भोकं पाडा. टोचा नसेल तर जाड सुईचं नेढ्याचं टोक बुचात खोवा. गठ्ठा टेबलावर सपाट ठेवून टोचू नका. जाडजूड पुस्तक अर्धवट उघडून त्याच्या खाचेत ठेवा. मग टोच्याचं टोक पाठीच्या घडीतूनच बाहेर येतं. घडीच्या बाजूला, मुखपृष्ठावर एक मिलिमीटर सरकलेलं भोक शिवल्यावरही डोळ्यांना खुपत राहतं. भोक सुईपेक्षा बारीकच असू द्या.

दोरा तागाचा उत्तम, नाहीतर जाड सुती. पुस्तकाच्या उंचीच्या तिप्पट लांबी घ्या, म्हणजे साधारण ६३ सेंटीमीटर. मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढला की गुंता होत नाही आणि गाठ सरकत नाही.

भोकांना वरून १ ते ५ आकडे समजा. सुई आतून ३ मधून बाहेर काढा, आत दहा सेंटीमीटर शेपूट सोडून. बाहेरून २ मध्ये आत. आतून १ मधून बाहेर. बाहेरून पुन्हा २ मधूनच आत. आता आतल्या बाजूनं ३ ला ओलांडून थेट ४ वर जा आणि बाहेर पडा. ५ मधून आत, पुन्हा ४ मधून बाहेर, आणि शेवटी ३ मधून आत. दुसऱ्यांदा त्याच भोकातून जाताना सुई आधीच्या दोऱ्यातून घुसू देऊ नका. तसं झालं तर दोरा घट्ट ओढता येत नाही आणि उसवायलाही जमत नाही. पहिला दोरा एका बाजूला ओढून धरा आणि सुई त्याच्या कडेनं घाला.

आता दोन्ही शेपटं आत, मधल्या भोकापाशी आहेत. २ पासून ४ पर्यंत गेलेल्या लांब टाक्याच्या एकेका बाजूला एकेक शेपूट घ्या आणि दोरा ताणा, पण कागदाला समांतर, घडीच्या रेषेत. कागदापासून वर, स्वतःकडे ओढलात तर भोकं फाटतात. त्या टाक्यावर दोन साध्या गाठी मारा, पहिलीत उजवं टोक वर, दुसरीत डावं. दोन्ही सारख्याच मारल्या तर गाठ सुटते. टोकं सेंटीमीटरभर ठेवून कापा.

पहिली प्रत अर्धा तास घेईल. पाचवी दहा मिनिटांत होते.

दाब आणि छाटणी

शिवलेली पुस्तकं जाड पुस्तकांच्या ढिगाखाली रात्रभर ठेवा. सकाळी बाजूच्या कडेकडे बघा: आतली पानं पायरी-पायरीनं बाहेर आलेली दिसतील. स्टीलची पट्टी घट्ट दाबून, नवं पातं लावलेल्या कटरनं ही कड छाटा. जोर लावून एका फटक्यात नाही, हलक्या हातानं वीस-पंचवीस वेळा, पट्टी जरादेखील न हलवता. बोटं पट्टीच्या कडेपासून लांब. एवढी खटपट नको असेल तर कड तशीच सोडा. मला ती पायरी वाईट दिसत नाही.

पुठ्ठ्याची बांधणी पहिल्या खेपेला करूच नका, असं माझं मत आहे. करायचीच असेल तर दोन मिलिमीटरचा पुठ्ठा घ्या. उंची पानापेक्षा सहा मिलिमीटर जास्त, रुंदी तीन-चार मिलिमीटर कमी. दोन पुठ्ठ्यांमधली फट सूत्रानं नाही, पुठ्ठे प्रत्यक्ष पुस्तकावर ठेवून मोजा. चिकटवायला खळ किंवा पीव्हीए (पांढरा) गोंद, पातळ थर, मधून कडांकडे. गोंद जास्त झाला की ओलाव्यानं पान फुगतं आणि वाळल्यावर सुरकुत्या पडतात. म्हणून दाबाखाली ठेवताना पुठ्ठा आणि पानांच्या मधे मेणकागद घाला. सेलोटेप आणि स्टेपलरच्या पिना पुस्तकात कुठेही नकोत. टेप पिवळी पडून चिकट डाग सोडते, पिना गंजतात.

शेवटची पानं

पान ३० वर माणसांची यादी. ३१ वर छोटी नोंद: पुस्तक कोणी केलं, कधी, कुठला कागद, किती प्रती. खाली प्रत्येक प्रतीवर पेननं क्रमांक, ‘५ पैकी ३’ असा, आणि ज्याची प्रत त्याचं नाव. पान ३२ कोरं ठेवा आणि देताना सांगा की यात चुका लिहायच्या आहेत. मी एकदा सांगितलं, तर काकांनी बारीक अक्षरात पान भरून लिहिलं की त्या वर्षी आपण त्या घरात राहतच नव्हतो, आणि सायकल लाल नव्हती, हिरवी होती. दुसऱ्या आवृत्तीत काकांचं पान जसंच्या तसं स्कॅन करून घेतलं. सायकल मी लालच ठेवली.

पीडीएफ दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. आणि ती जास्तीची दुसरी प्रत शिवू नका. आठ कागद आणि मुखपृष्ठ दुमडून, भोकं पाडून, मेण लावलेला दोरा आणि सुई सोबत घालून एका पाकिटात ठेवा. कोणाच्या तरी प्रतीवर चहा सांडतोच.